कोबी चिरल्यावर अर्धा तास थांबा: इस्ट्रोजेन, कोबीवर्गीय भाज्या आणि फेसलेली मोहरी

कोबी चिरून झाला की तो थेट कढईत, बहुतेक घरांत असंच चालतं. सकाळी डबा भरायचा असतो, एकीकडे भाकरीचा तवा तापलेला असतो, थांबायला वेळ कुणाला? पण कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली ‘हार्मोनसाठी चांगल्या’ असं जे सांगितलं जातं, त्यात जेवढं तथ्य आहे तेवढं मुख्यतः चिरणं आणि फोडणी यांच्या मधल्या वेळेत ठरतं. तो वेळ कसा वापरायचा आणि त्यातून कितपत अपेक्षा ठेवायची, ते पुढे क्रमाने दिलं आहे.

आधी एक गोष्ट साफ करून टाकू. या भाज्या शरीरातलं इस्ट्रोजेन ‘धुऊन काढत’ नाहीत. पीसीओडी, गर्भाशयातल्या गाठी किंवा स्तनाचा कर्करोग यांपैकी कशावरही कोबी हा उपचार नाही. वापरून झालेलं इस्ट्रोजेन यकृतात कोणत्या वाटेने मोडलं जातं, त्या वाटेवर या भाज्यांतल्या काही संयुगांचा परिणाम होऊ शकतो, एवढंच.

भाजीत काय घडतं

कोबीवर्गातल्या भाज्यांच्या पेशींत ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त संयुगं साठवलेली असतात. त्याच भाजीत, पण वेगळ्या कप्प्यात, मायरोसिनेज नावाचं एन्झाइम असतं. गड्डा अख्खा असेपर्यंत दोघांची गाठ पडत नाही. अळीने पान कुरतडलं, सुरी फिरली किंवा दाताखाली चावलं गेलं की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि नवी, तिखट वासाची संयुगं तयार होतात. झाडाच्या दृष्टीने ही किडीपासून बचावाची सोय आहे. चिरलेल्या कोबीचा उग्र वास, मुळ्याचा ठसका, नाकात चढणारी मोहरी, सगळं यातूनच येतं.

इस्ट्रोजेनच्या संदर्भात महत्त्वाचं ग्लुकोसिनोलेट म्हणजे ग्लुकोब्रासिसिन. ते मोडलं की इंडोल-३-कार्बिनॉल तयार होतं. पोटातल्या आम्लात त्याचे रेणू जोडले जाऊन डाय-इंडोलिल-मिथेन म्हणजे ‘डिम’ आणि आणखी काही संयुगं बनतात. दुकानात कॅप्सूलमध्ये विकलं जातं ते हेच डिम. दुसरं, ब्रोकोलीत भरपूर असणारं ग्लुकोराफॅनिन; त्यापासून सल्फोराफेन मिळतं. त्याचं काम वेगळं आहे, ते ओघात येईलच.

यकृतातल्या तीन वाटा

काम झालेलं इस्ट्रोजेन यकृतात येतं आणि त्याच्या रेणूवर एक हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, बसवला जातो. तो रेणूच्या कोणत्या क्रमांकाच्या कार्बनवर बसतो, यावर पुढचं बरंच ठरतं. दुसऱ्या कार्बनवर बसला तर तयार होणारा पदार्थ इस्ट्रोजेन म्हणून फारच दुबळा असतो. सोळाव्यावर बसला तर पदार्थाचा इस्ट्रोजेनसारखा जोर टिकून राहतो. चौथ्यावर बसला तर पुढे क्विनोन नावाचे आक्रमक रेणू बनू शकतात आणि ते डीएनएला चिकटून त्याची खराबी करू शकतात.

इंडोल-३-कार्बिनॉल आणि डिम यकृतातल्या काही एन्झाइमांचं उत्पादन वाढवतात. त्यात सीवायपी-१ए२ हे प्रमुख, आणि ते इस्ट्रोजेनला दुसऱ्या कार्बनच्या वाटेला लावतं. म्हणून लघवीत २-हायड्रॉक्सी आणि १६-हायड्रॉक्सी इस्ट्रोन, म्हणजे दुसऱ्या आणि सोळाव्या वाटेने बनलेले पदार्थ, यांचं प्रमाण मोजून भाजीचा परिणाम तपासण्याची पद्धत पडली. चौथ्या वाटेवरचं एन्झाइमही याच यंत्रणेने थोडंफार चाळवलं जातं, हे मात्र कॅप्सूल विकणारे सांगत नाहीत. त्या वाटेवरच्या क्विनोनला निष्प्रभ करणारी एन्झाइमं सल्फोराफेनमुळे वाढतात. अख्खी भाजी आणि एकच वेगळं काढलेलं संयुग यांत फरक पडतो तो असा.

यानंतर या पदार्थांना मिथाइल, सल्फेट किंवा ग्लुकुरोनाइडची जोड लावली जाते आणि ते लघवीतून किंवा पित्तावाटे आतड्यात जाऊन शौचावाटे बाहेर पडतात.

माणसांवर काय मोजलं गेलं आहे? १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना १२ दिवस रोज ५०० ग्रॅम ब्रोकोली दिली. २ आणि १६ यांचं गुणोत्तर सुमारे ३० टक्क्यांनी वाढलं, आणि कॅफीन पचवण्यावरून मोजलेली सीवायपी-१ए२ ची क्रिया सुमारे १९ टक्क्यांनी. रोज अर्धा किलो ब्रोकोली! सोलापुरात चार माणसांच्या भाजीलाही अर्धा किलो कोबी पुरतो. म्हणजे परिणाम खरा आहे, पण ताटातल्या वाटीभर भाजीने तो याहून बराच कमी असणार. आणि हे गुणोत्तर वाढलं म्हणजे कर्करोगाचा धोका तेवढाच घटला, असंही नाही. मोठ्या पाहण्यांत त्याबद्दलचे निष्कर्ष एकमेकांशी जुळलेले नाहीत. म्हणून हे गुणोत्तर तपासण्यासाठी खासगी लॅबमध्ये पैसे घालू नका. आकडा काहीही आला तरी डॉक्टर त्यावरून औषध बदलणार नाहीत.

मंडईत काय घ्यायचं

ग्लुकोब्रासिसिन हवं असेल तर कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली आणि नवलकोल घ्या. मुळा याच कुळातला, पण त्यात इंडोलवाली संयुगं कमी. त्याचा उपयोग जिवंत एन्झाइमसाठी आणि चोथ्यासाठी. मोहरीत मुख्य संयुग सिनिग्रिन, म्हणजे इंडोल जवळजवळ नाहीच. पण मायरोसिनेज सगळ्यात दणकट तिच्यात, म्हणून पुढे तिच्यावर वेगळा भाग आहे. बाळंतिणीच्या लाडवातलं अळीवसुद्धा याच घराण्यातलं, पण त्यातलं संयुग निराळं. इस्ट्रोजेनच्या नावाखाली अळिवाचे लाडू खायचं कारण नाही. मेथी, पालक, अंबाडी, चाकवत हिरव्या असल्या तरी या कुळातल्या नाहीत.

सोलापूरच्या लक्ष्मी मंडईत ही सगळी मंडळी हिवाळ्यात उत्तम असतात, दिवाळीनंतर सुरू होऊन जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास तर ऐन भरात. गड्डा हातात घेतला की आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. दाबल्यावर करकरीत, बाहेरचं पान हिरवं, देठाचा काप पांढरा आणि ओलसर. देठ तपकिरी आणि कोरडा पडला असेल तर माल जुना. फ्लॉवरचा गड्डा घट्ट हवा; कळ्या सुट्या होऊन रवाळ दिसायला लागल्या की तो उन्हाने बिघडलेला. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा स्थानिक फ्लॉवर पिवळट आणि उघडा मिळतो. त्या दिवसांत त्याच्यामागे लागू नका, कोबी त्यातल्या त्यात बरा टिकतो. नवलकोल लिंबापेक्षा मोठा आणि टेनिसच्या चेंडूपेक्षा लहान घ्या, त्यापुढे आत दोरे होतात. त्याची कोवळी पानं दुकानदार खुडून टाकत असेल तर मागून घ्या, भाजी चांगली होते.

चिरून पिशवीत भरलेला कोबी नको. त्यातली क्रिया दुकानातच होऊन गेलेली असते आणि उडून जाणारी संयुगं उडालेली असतात.

धुणं आधी, चिरणं नंतर

हा क्रम उलटा झाला की नुकसान होतं. चिरलेली भाजी पाण्यात टाकली की ग्लुकोसिनोलेट पाण्यात उतरतात आणि ते पाणी मोरीत जातं.

कोबीची वरची दोन-तीन पानं काढून टाका. फवारणी आणि माती तिथेच जास्त असते. गड्ड्याचे चार भाग करून पानं सुटी करा. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा वाहत्या पाण्याखाली एकेक पान धुवा असं सांगणं सोपं, करणं अवघड. मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन पानं हाताने चोळा, पाणी बदला, असं तीनदा करा. शेवटचं पाणी झाडांना जाईल. कोबी कच्चा खाणार असाल तर यात कसूर नको, कारण सांडपाण्यावर वाढवलेल्या भाजीवर जंतांची अंडी असू शकतात आणि मिठाच्या पाण्याने ती मरत नाहीत. ती चोळून, धुऊनच जातात.

फ्लॉवरचे मोठे तुरे करून कोमट मीठपाण्यात दहा मिनिटं ठेवा. अळ्या वर येतात. पाणी कोमटच हवं, म्हणजे हात सहज बुडेल इतपत. कडकडीत पाण्यात तुरे बुडवून ठेवायची सवय अनेक घरांत आहे. त्याने अळी मरते आणि एन्झाइमही मरतं. मीठपाण्यातून काढून निथळल्यावरच तुरे बारीक करा.

चिरून थांबायचं

कोबी तीन-चार मिलिमीटर जाडीचा, लांब चिरा. जितका बारीक, तितक्या जास्त पेशी फुटतात. फ्लॉवर आणि ब्रोकोलीचे तुरे सुपारीएवढे करा आणि देठही बारीक चिरून त्यात टाका, फेकू नका. नवलकोल किसलात तरी चालेल.

चिरलेली भाजी ताटात पसरून झाकण घाला आणि तीस ते चाळीस मिनिटं तशीच ठेवा. फ्रिजमध्ये नको, ओट्यावरच. गारव्यात क्रिया मंदावते. उन्हाळ्यात मात्र तासाच्या वर ठेवू नका, कोमेजते आणि वास उतरतो. मीठ आता घालायचं नाही, पाणी सुटून त्यासोबत संयुगंही जातात.

सकाळी वेळ नसेल तर? उठल्याबरोबर आधी कोबी चिरून ठेवा, मग चहा, आंघोळ, भाकऱ्या. पाचव्या भाकरीपर्यंत अर्धा तास सहज होतो. रात्री चिरून फ्रिजमध्ये ठेवलेला कोबीही चालतो, फक्त डबा घट्ट झाकणाचा हवा आणि दुसऱ्या दिवशीच संपवायचा.

यामागचं कारण असं. मायरोसिनेज उष्णतेला फार भितं. भाजी आतपर्यंत चांगली तापली की ते निकामी होतं. पण एकदा तयार झालेली संयुगं एन्झाइमच्या मानाने उष्णता बऱ्यापैकी सोसतात. म्हणून एन्झाइमला त्याचं काम आधी उरकू द्यायचं आणि मग खुशाल फोडणी द्यायची. चिरल्या चिरल्या कढईत टाकलं तर ग्लुकोसिनोलेट जसेच्या तसे पोटात जातात. मग आतड्यातले जिवाणू त्यांतले काही मोडतात, पण कमी, आणि माणसागणिक वेगवेगळ्या प्रमाणात.

शिजवणं

सर्वांत वाईट पद्धत म्हणजे भरपूर पाण्यात उकळून पाणी ओतून देणं. सर्वांत चांगली म्हणजे तीन-चार मिनिटांची वाफ. ब्रोकोलीच्या बाबतीत तर थोडी वाफ कच्च्यापेक्षा सरस ठरते. त्यात एक प्रथिन असतं, ते सल्फोराफेनऐवजी बिनकामाची नायट्राइलं बनवायला लावतं. साठ अंशांच्या आसपासच्या सौम्य उष्णतेत ते प्रथिन आधी ढेपाळतं आणि मायरोसिनेज अजून शाबूत असतं. रंग एकदम गडद हिरवा झाला की उतरवा. ऑलिव्हसारखा मळकट हिरवा झाला म्हणजे वेळ टळली.

आपली कढईतली कोबीची भाजी यात चांगली बसते, तीन बदल करून. अर्धा किलो कोबीला दोन चमचे तेल, फोडणी, हिरवी मिरची, भिजवलेली हरभरा डाळ. डाळ आधी एकटी वाफवून घ्या, नाहीतर ती शिजेपर्यंत कोबीचा लगदा होतो. कोबी घालून परता, झाकण ठेवा, झाकणात पाणी ओता. कोबीत पाणी अजिबात नाही. मध्यम आचेवर पाच मिनिटं. दाताखाली किंचित करकरला पाहिजे. मीठ उतरवताना. पीठ पेरायचं असेल तर बेसन वेगळं भाजून शेवटच्या मिनिटाला पेरा; कच्चं पेरून वाफा देत बसलं की दहा मिनिटं जास्त जातात.

पावभाजीसाठी फ्लॉवर कुकरला लावला तर एन्झाइम संपलंच समजा, पण ते पाणी भाजीतच मुरतं म्हणून संयुगं वाया जात नाहीत. तिथे पुढे दिलेली मोहरी कामाला येते. कोबीचं मंचुरियन आणि फ्लॉवरची भजी या हिशोबात धरू नका. आवडतात म्हणून खा.

फेसलेली मोहरी

फोडणीत तडतडलेल्या मोहरीचा इथे काहीच उपयोग नाही. तापलेल्या तेलात तिचं एन्झाइम जळून जातं. हवी ती कच्ची, वाटलेली मोहरी, आणि ही पद्धत आपल्याकडे लोणच्यात, रायत्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेच.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २०० ग्रॅम शिजवलेल्या ब्रोकोलीवर १ ग्रॅम मोहरीची पूड घालून लोकांना खायला दिली. पूड न घातलेल्या ब्रोकोलीच्या तुलनेत शरीरात पोचलेलं सल्फोराफेन चौपटीहून जास्त निघालं. मोजलं गेलं ते सल्फोराफेन, इंडोल नव्हे, हे ध्यानात असू द्या. ग्लुकोब्रासिसिन मोडायलाही हेच एन्झाइम लागतं, त्यामुळे फायदा तिथेही अपेक्षित आहे, पण चौपटीचा आकडा कोबीला चिकटवू नका.

कृती अशी. बारीक काळी किंवा तपकिरी मोहरी दोन चमचे, नाहीतर लोणच्यासाठी मिळते ती मोहरीची डाळ. कोरडीच मिक्सरमधून फिरवा, थांबत थांबत, भांडं गरम होऊ न देता. पूड बाटलीत घट्ट झाकून फ्रिजमध्ये ठेवा, दोन आठवड्यांत संपवा. २०० ग्रॅम शिजलेल्या भाजीला सपाट अर्धा चमचा पूड पुरते. भाजी गॅसवरून उतरवा, बोट सहज टेकवता येईल इतकी निवू द्या, मग पूड भुरभुरा, हलवा आणि पाच-दहा मिनिटं झाकून ठेवा. वाफाळत्या भाजीवर घातली की सगळं व्यर्थ.

मोहरी जिवंत आहे की नाही, हे घरीच कळतं. अर्धा चमचा पूड एका वाटीत घ्या, दोन चमचे साधं गार पाणी घालून चमच्याने फेसा आणि दहा मिनिटांनी वाटीवर नाक न्या. सुरुवातीला नुसता कडवट, पिठासारखा वास असतो. मग हळूहळू झणका वर येतो आणि डोळ्यांत पाणी उभं राहतं. असं झालं तर एन्झाइम शाबूत आहे. काहीच चढलं नाही तर मोहरी फार जुनी आहे किंवा भाजलेली आहे. लोणच्याच्या तयार मसाल्यात ती बऱ्याचदा भाजलेली असते. गरम पाण्यात फेसली तरी झणका येत नाही, नुसता कडूपणा राहतो. दही, लिंबू किंवा चिंच आधीच घातली तर आंबटपणाने क्रिया मंदावते, म्हणून आधी पाण्यात फेसायची, आंबट नंतर.

कोशिंबिरीला हीच मोहरी: दोन वाट्या बारीक चिरून अर्धा तास ठेवलेला कोबी, पाण्यात फेसलेली पाऊण चमचा मोहरी, शेंगदाण्याचं कूट दोन चमचे, वाढायच्या वेळी दही आणि मीठ. सुटलेलं पाणी पिळून टाकू नका. कोबी कच्चा सोसत नसेल तर दोन मिनिटं वाफवून, निववून मग करा.

किती आणि कधी

आठवड्यातले चार-पाच दिवस, दिवसाला शिजलेली एक वाटी म्हणजे शंभर-सव्वाशे ग्रॅम. रविवारी अर्धा किलो आणि मग आठवडाभर काही नाही, असं नको. यकृतातली वाढलेली एन्झाइमं खाणं थांबलं की काही दिवसांत पूर्ववत होतात. सवय नसेल तर पाव वाटीपासून सुरू करून दोन आठवड्यांत वाटीवर या. एकदम जास्त खाल्लं की पोट फुगतं, आणि दोष भाजीवर येतो. यातल्या काही साखरा आपल्याला पचत नाहीत, आतड्यातले जिवाणू त्यांचा वायू करतात. हिंग, ओवा, चांगलं चावून खाणं याने फरक पडतो. आतड्याची आग किंवा आयबीएस (पोट वारंवार बिघडण्याचा, दुखण्याचा जुनाट त्रास) असेल तर फ्लॉवर आधी कमी करा, कोबी सहसा जास्त सोसतो.

मजेची गोष्ट म्हणजे गाजर आणि शेपूच्या कुळातल्या भाज्या हेच सीवायपी-१ए२ थोडं खाली आणतात, असं २००० मधल्या एका आहार-प्रयोगात दिसलं. म्हणून कोबी-गाजराची कोशिंबीर बंद करायची का? मुळीच नाही. एवढ्या बारीक हिशोबाने कुणी जेवू नये.

आतड्याकडचं अर्धं काम

यकृताने जोड लावून पाठवलेलं इस्ट्रोजेन आतड्यात पोचलं की तिथले काही जिवाणू बीटा-ग्लुकुरोनिडेज नावाच्या एन्झाइमने ती जोड तोडतात, आणि सुटलेलं इस्ट्रोजेन पुन्हा रक्तात शोषलं जातं. बद्धकोष्ठ असेल तर या उलटफेरीला वेळही जास्त मिळतो. १९८२ च्या एका अभ्यासात शाकाहारी स्त्रियांच्या शौचाचं प्रमाण आणि त्यातून बाहेर पडणारं इस्ट्रोजेन जास्त आढळलं, रक्तातली पातळी कमी. चोथा हे त्याचं एक कारण. तेव्हा कोबीसोबत ज्वारीची भाकरी, अख्खी कडधान्यं आणि पुरेसं पाणी नसेल तर यकृतातल्या वाटा सुधारून उपयोग थोडाच. कडक भाकरी खाणाऱ्यांनी पाण्याकडे खास लक्ष द्यावं, कोरड्या चोथ्याने पोट उलट आवळतं.

ज्यांनी जपून राहायचं

थायरॉईड. ग्लुकोब्रासिसिन मोडताना थायोसायनेटही सुटतं आणि ते आयोडिनशी स्पर्धा करतं. आयोडिनयुक्त मीठ वापरणाऱ्या घरात शिजवलेली वाटीभर भाजी थायरॉईडच्या गोळ्या घेणाऱ्यांनाही चालते. गोळी नेहमीप्रमाणे उपाशीपोटी घ्या. अडचण कच्च्याचा अतिरेक केल्यावर होते. २०१० मध्ये नोंदलेल्या एका रुग्णाचं उदाहरण आहे: ८८ वर्षांची बाई अनेक महिने रोज किलो-दीड किलो कच्चा बोक चॉय (कोबीच्याच कुळातली चिनी पालेभाजी) खात होती आणि थायरॉईड पार मंदावून बेशुद्धावस्थेत गेली. कोबीचा कच्चा रस रोज ग्लासभर पिण्याचे सल्ले फिरतात, ते पाळू नका. सैंधव मिठात सहसा आयोडिन मिसळलेलं नसतं, हेही पाहा.

वॉरफेरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांनी या भाज्या सोडायच्या नाहीत, पण प्रमाण रोज सारखं ठेवायचं. ब्रोकोली आणि हिरव्या पानांत व्हिटॅमिन के भरपूर असतं. एका आठवड्यात खूप, दुसऱ्यात काहीच नाही, असं झालं की आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याच्या तपासणीतला आकडा, हलतो. नव्याने सुरू करणार असाल तर पुढच्या तपासणीत डॉक्टरांना सांगा. थिओफायलिन (दम्याचं औषध) किंवा क्लोझापिन (मानसिक आजारावरचं औषध) चालू असेल तर रोज अर्ध्या किलोचे प्रयोग टाळा, ती औषधंही सीवायपी-१ए२ नेच मोडतात.

टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कर्करोगावरचं औषध चालू असेल तर ताटातली भाजी हे नेहमीचं जेवण आहे, पण डिमची कॅप्सूल स्वतःहून घ्यायची नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांना वर्षभर १५० मिलिग्रॅम डिम दिवसातून दोनदा दिलं. २ आणि १६ चं गुणोत्तर वाढलं, म्हणजे कागदावर यश. पण त्याच वेळी टॅमॉक्सिफेनचे रक्तातले सक्रिय घटक, त्यात प्रमुख एंडॉक्सिफेन, कमी झाले. ज्या औषधावर उपचाराची मदार, त्यालाच धक्का लागण्याची शक्यता. गरोदरपणी आणि अंगावर पाजताना कॅप्सूल नको, भाजी चालते. पाळीचे त्रास, मोठ्या गाठी, अंगावरून जास्त जाणं यांसाठी कॅप्सूल घेऊन थांबून राहू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

डब्यातली आणि उरलेली भाजी

दुपारी डबा उघडल्यावर कोबीला गंधकाचा वास येतो, कारण सकाळी तो जास्त शिजलेला असतो आणि गरम असतानाच झाकण लावलेलं असतं. भाजी निवल्यावर डबा बंद करा. रात्री उरलेली पुन्हा गरम केली तरी आधी तयार झालेली बरीचशी संयुगं टिकतात, पण मोहरीचा झणका उडून जातो; अशा भाजीवर, ती निवल्यावर, चिमूटभर ताजी पूड पुन्हा घालायला हरकत नाही.